युकॉन की स्पेन: लांडग्यांसाठी एकच नकाशा घ्यायचा असेल तर

शिकारीच्या व्हिडिओ गेमच्या नकाशांचा सेल लागला की माझ्या मामेभावाचा निरोप ठरलेला असतो. या वेळचा एका ओळीचा होता: "दादा, लांडगे हवेत. युकॉन घेऊ की स्पेन? दोन्हीचे पैसे नाहीत." प्रश्न साधा होता, तरी उत्तर द्यायला मी चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत दोन्ही नकाशे पुन्हा फिरून आलो आणि जे मनात आलं ते इथे लिहून ठेवतोय. त्याच्यासारखे आणखी कोणी कात्रीत सापडले असतील तर त्यांच्याही कामी येईल.

'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' हा शिकारीचा गेम तुम्ही खेळता असं गृहीत धरतो. हिर्शफेल्डन आणि लेटन लेक हे खेळासोबत मिळणारे नकाशे पायाखाली घालून झालेत, वारा कुठून येतोय हे बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हे अंगात मुरलंय, आणि आता एक राखीव जंगल विकत घ्यायचंय, तेही लांडग्यांपायी. माझ्या अनुभवातले पर्याय दोन. २०१९ च्या मध्यावर आलेलं युकॉन व्हॅली आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेलं, स्पेनवर बेतलेलं क्वात्रो कोलिनास. कोणती बंदूक, कोणत्या वर्गाची गोळी, कोणतं जनावर किती वाजता पाण्यावर येतं, यातलं काही मी सांगणार नाही. ते सांगणारे माझ्याहून हुशार लोक भरपूर आहेत. मला सांगायचंय ते लांडग्याबद्दल, आणि थोडंसं त्या दोन देशांतल्या खऱ्या लांडग्यांबद्दलही. कारण खरं सांगायचं तर माझा कौल तिथूनच ठरला.

युकॉनमध्ये लांडगा दिसण्याआधी ऐकू येतो. पहिल्या रात्री मी कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, मागावर होतो. खुणा ताज्या, वारा तोंडावर, सगळं मनासारखं चाललेलं. अर्धा तास ओणव्याने चालून पाठ भरून आली होती, म्हणजे खेळातली नव्हे, माझीच, खुर्चीत पुढे वाकून बसल्यामुळे. आणि डावीकडच्या टेकाडामागून एक लांब हेल आला. त्याला दुसऱ्याने साथ दिली, मग तिसऱ्याने. हेडफोनमधून तो आवाज मानेच्या मागे येऊन थांबतो. मी कॅरिबू विसरलो. त्या रात्री गोळी झाडली नाही, नुसता बसून राहिलो. एवढ्या एका रात्रीसाठीसुद्धा मी युकॉनचे पैसे वसूल धरतो, पण हे झालं माझं वेड. तुमचं तसं नसेल.

दुसऱ्या रात्री तेच लांडगे अंगावर आले. इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो, आणि ती दोन्ही नकाशांना सारखीच लागू आहे. खेळातला लांडगा माणसावर फार लवकर धावून येतो. एक जखमी केला किंवा नकळत टोळीच्या मध्ये गेलात की लांडगेतोड सुरू. खऱ्या जगातला हिशेब वेगळा आहे. नॉर्वेच्या निसर्ग-संशोधन संस्थेने २००२ ते २०२० या काळातले जगभरचे हल्ले मोजले. एकूण बळी ४८९, त्यातले मृत्यू २६. या ४८९ पैकी ३८० जणांना चावलेले लांडगे पिसाळलेले होते. युरोप आणि उत्तर अमेरिका धरली तर एवढ्या वर्षांत दोन माणसं दगावली, दोन्ही उत्तर अमेरिकेत. खेळात मी एका आठवड्यात त्याहून जास्त वेळा मेलोय.

कोणी म्हणेल, आपल्याकडे बहराइचला २०२४ मध्ये लहान मुलं गेली, त्याचं काय? बरोबर आहे. उघड्यावर झोपलेली मुलं, दार नसलेली घरं, रानात शिकार उरलेली नाही, अशा ठिकाणी लांडगा माणसाच्या वाटेला गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे घडल्यात, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बंदूक घेऊन बर्फात चालणाऱ्या धडधाकट माणसावर पाच लांडगे झडप घालतात, हे मात्र खेळापुरतंच. बनवणाऱ्यांना भीती विकायची असते, मला विकतही घ्यायची असते. म्हणून या मुद्द्यावर मी दोघांचेही गुण सारखेच कापतो आणि पुढे जातो.

आता स्पेन. क्वात्रो कोलिनास दिसायला माझ्या मते या खेळातल्या सगळ्यात देखण्या नकाशांपैकी एक आहे. संध्याकाळचं उन्ह डोंगराच्या कडेवर तांबडं होतं, खाली शेतं, मधे एखादं गाव, वर खडकांवर आयबेक्स, म्हणजे मोठ्या शिंगांच्या रानबकऱ्या. आयबेक्सच्याच चार जाती आहेत आणि नुसत्या त्यांच्यासाठी हा नकाशा घेणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही. जेजुरीकडून सासवडला येताना उतरत्या उन्हात दिसणारे बोडके डोंगर ज्याला आवडतात, त्याला इथे पहिल्या पाच मिनिटांत घरी आल्यासारखं वाटेल. मला वाटलं.

इथला लांडगाही वेगळा आहे. आयबेरियन लांडगा युकॉनच्या लांडग्यापेक्षा अंगाने लहान, रंगाने मातकट, आणि पुढच्या पायांवर काळसर पट्टे. आंखेल काब्रेरा या स्पॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये त्याला वेगळी उपजात ठरवून 'सिग्नाटस' म्हणजे खुणा असलेला असं नाव दिलं. दुर्बिणीतून बघताना तो मला आपल्या माळावरच्या लांडग्याच्या जास्त जवळचा वाटला. युकॉनचा लांडगा म्हणजे दांडगा, केसाळ, गोष्टीतला लांडगा. स्पेनचा लांडगा शेजारच्या गावात दिसेल असा. या एका बाबतीत स्पेन सरस आहे, आणि सुरुवातीचे दोन महिने माझं मत पक्कं होतं की कोणी विचारलं तर स्पेनच सांगायचं.

ते मत एका संध्याकाळी फिरलं.

गावाच्या कडेला मी तंबू टाकला होता. लांडग्यांचा माग शेतांतून घरांच्या दिशेने जात होता आणि मी तो धरून निघालो. कुंपणं, पायवाटा, शांत घरं. चालता चालता सवयीने मी एक गोष्ट शोधायला लागलो. शोधतोय हे माझ्या आधी ध्यानात आलं नाही, आणि आलं तेव्हा ती गोष्ट तिथे नाही हेही त्याच क्षणी कळलं. मेंढरं कुठे आहेत?

आमची थोडी जमीन पुरंदर तालुक्यात आहे. दिवाळीनंतर फलटण-माणकडून धनगरांचे वाडे खाली येतात. आजोबांच्या काळापासून एक वाडा आमच्या रानात मेंढ्या बसवायचा. खताच्या बदल्यात धान्य, असा जुना व्यवहार. रात्री वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, त्यात मेंढरं, बाहेर कुत्री, आणि घोंगडी पांघरून जागा असलेला एक माणूस. मी शाळेत असताना एका रात्री कुत्री एकदम पेटली. आरडाओरडा झाला, बॅटऱ्या फिरल्या, मग पुन्हा सामसूम. सकाळी एक कोकरू कमी होतं. मला वाटलं, आता हे लोक लांडग्याच्या मागे जाणार. म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "त्याचा वाटा त्यो घिऊन गेला. आमी झोपलो, त्यो न्हाय झोपला." वडील म्हणाले, नुकसानभरपाई मिळते, अर्ज करा. तर म्हणे पंचनाम्यासाठी दोन दिवस थांबलो तर बाकीच्या मेंढरांनी खायचं काय? दुपारी वाडा हलला. तो लांडगा मी पाहिला नाही. पण माझ्यासाठी लांडगा म्हणजे कायमचा ती सकाळ झाला: सैल पडलेली वाघर, ओढत नेल्याची खूण, आणि त्या माणसाचा न चिडलेला आवाज.

तर क्वात्रो कोलिनासमध्ये गाव आहे, शेत आहे, लांडगा आहे, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्टच नाही. निदान माझ्या फिरण्यात मला कधी कळप दिसला नाही, मेंढपाळ दिसला नाही, खिळ्यांचा पट्टा घातलेला तो धिप्पाड मास्तीन कुत्रा दिसला नाही. खऱ्या स्पेनमध्ये लांडग्याचा प्रश्न म्हणजे हाच प्रश्न. त्या कुत्र्याच्या खिळेदार पट्ट्याला 'कार्लांका' असं स्वतंत्र नाव आहे. लेओन प्रांतात वाल्देओनच्या खोऱ्यात जुना 'चोर्को' अजून बघायला मिळतो. दोन बाजूंनी लाकडी कुंपणं निमुळती होत जातात आणि शेवटी खड्डा. गावातली सगळी माणसं हाकारे घालत लांडग्याला त्यात उतरवायची. एका जनावरासाठी अख्ख्या गावाने शतकानुशतकं जपलेलं बांधकाम आहे ते. एवढा इतिहास ज्या भांडणाचा, त्यातला एक पक्ष गायब करून दुसरा पक्ष बंदुकीसमोर उभा केला, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. आणि एकदा वाटलं ते वाटलं. त्यानंतर स्पेनच्या प्रत्येक गावातून जाताना मला त्या गावांचं रिकामपण टोचायला लागलं.

मामेभावाला हे फोनवर सांगितलं तर तो हसला. "दादा, गेम आहे. मेंढरं टाकली असती तर तू तीच मोजत बसला असतास." शक्य आहे. माझी अडचण प्रत्येकाची नसणार हे मला मान्य आहे. ज्याच्या मनात लांडगा आणि मेंढरू अशी जोडगोळी नाही, त्याला काहीच टोचणार नाही.

युकॉनमध्ये हा काटा का टोचत नाही, याचाही विचार केला. तिथे लांडग्याच्या समोर कॅरिबू आहे, मूस आहे, बायसन आहे. माझ्यासमोर लांडग्याने कधी कॅरिबू धरल्याचं मी पाहिलेलं नाही, खेळातल्या जनावरांना एकमेकांशी फारसं देणंघेणं नसतं. कॅरिबूचे कळपही दहा-पंधराचे. खऱ्या युकॉन-अलास्कातल्या पॉर्क्युपाइन नावाच्या कॅरिबू-कळपाची २०१७ ची गणना दोन लाखांच्या वर गेली होती, तेव्हा हे म्हणजे समुद्र सांगून वाटीभर पाणी देणं झालं. तरीही चित्र पुरं आहे. लांडगा आहे, लांडग्याचं खाणं आहे, आणि माणूस नाही. माणूस नाही हे तिथे खरंच आहे.

हे आकड्यांत मांडलं की आणखी स्पष्ट होतं. कॅनडाचा युकॉन प्रदेश आणि स्पेन यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं आहे, एक पाच लाख चौरस किलोमीटरच्या जरा खाली, दुसरा जरा वर. स्पेनमध्ये माणसं पावणेपाच कोटींच्या पुढे, युकॉनमध्ये पन्नास हजारसुद्धा नाहीत. युकॉनमध्ये लांडगे साधारण पाच हजार मानले जातात. स्पेनच्या ताज्या गणनेत, २०२१ ते २०२४ ची, ३३३ टोळ्या मोजल्या गेल्या, बहुतेक सगळ्या वायव्येच्या कोपऱ्यात, गॅलिसिया, आस्तुरियास, कास्तिया इ लेओन इथे. दक्षिणेतल्या सिएरा मोरेनातून तर लांडगा संपलाच.

आणि म्हणून कायदेही दोन टोकांचे. युकॉनमध्ये लांडग्याची शिकार ही कायदेशीर, नियमात बांधलेली गोष्ट आहे. वाद तिथेही झाले. १९८० च्या दशकात फिनलेसन कळपातले कॅरिबू वाढावेत म्हणून सरकारने हेलिकॉप्टरमधून लांडगे मारले. कळप वाढला, मारणं थांबल्यावर काही वर्षांत पुन्हा उतरला. युकॉनच्या २०१२ च्या लांडगा-आराखड्यात मग आकाशातून मारण्याची पद्धत नको असं नोंदवलं गेलं, लांडगा कमी करायचा तर जमिनीवरून, स्थानिक शिकाऱ्यांनी आणि सापळे लावणाऱ्यांनी. नदीने खाली गेलात की अलास्कात अजून विमानातून गोळ्या झाडतात, त्यामुळे उत्तरेतल्या सगळ्यांना मी साधुसंत म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच की युकॉनच्या नकाशावर तुम्ही लांडग्यावर नेम धरता तेव्हा ते त्या मुलुखाच्या रीतीला धरून असतं.

स्पेनचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे, आणि मला त्यात इतका रस निर्माण झाला की एक पूर्ण रविवार खेळायचा सोडून वाचण्यात गेला. तिथे दुएरो नदी ही रेघ आहे. युरोपीय कायद्यात २०२५ पर्यंत नदीच्या दक्षिणेचा लांडगा कडक संरक्षित होता, उत्तरेचा ठरावीक संख्येत मारता येणारा. क्वात्रो कोलिनास आलं २०१९ मध्ये. नकाशावर दुएरो मला काही सापडली नाही, पण डोंगर, झाडी आणि शेतं मध्य स्पेनची वाटतात, म्हणजे नदीच्या दक्षिणेचीच धरायला हवीत. तसं असेल तर ज्या दिवशी हा नकाशा विक्रीला आला त्याच दिवशी त्यातला लांडगा मारणं प्रत्यक्षात गुन्हा होता. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये स्पेनने उत्तरेतलीही शिकार बंद केली. जुलै २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने कास्तिया इ लेओनच्या शिकारीला परवानगी देणाऱ्या कायद्यावर ताशेरे ओढले: देशपातळीवर जनावराची स्थिती चांगली नसताना एका प्रदेशाने त्याला शिकारीचं जनावर ठरवायचं नाही. मग वारं फिरलं. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीवांसाठीच्या बर्न कराराखाली लांडग्याचा दर्जा 'कडक संरक्षित'वरून नुसत्या 'संरक्षित'वर आणायचं ठरलं. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या संसदेने दुएरोच्या उत्तरेतलं संरक्षण काढलं, आणि तेही कशात घुसवून, तर अन्न वाया जाऊ नये म्हणून केलेल्या कायद्यात! लांडगा आणि शिळी पोळी एकाच विधेयकात बसवायला जे डोकं लागतं ते फक्त आपल्याच राजकारण्यांकडे असतं अशी माझी समजूत होती.

या सगळ्या उलथापालथीत माझ्या संगणकावरचा आयबेरियन लांडगा मात्र होता त्याच भावात विकला जात होता. तेच गुण, तेच पैसे, तीच भिंतीवरची ट्रॉफी. हे मला खटकलं. पण इथेच मी थोडा थांबतो, कारण याच वाचनात एक गोष्ट अशी सापडली की माझा ठाम सूर जरा मऊ झाला.

स्पेनमध्ये लांडगा पूर्वी 'अलिमान्या' होता, म्हणजे उपद्रवी जनावर, दिसेल तसं मारायचं. १९५३ च्या सरकारी हुकमाने अशी जनावरं संपवायला प्रांतोप्रांती मंडळं नेमली आणि मेलेल्या लांडग्यामागे बक्षीस लावलं. विषाची आमिषं पसरली. लांडगा संपायच्या बेतात होता. तेव्हा फेलिक्स रोद्रिगेस दे ला फुएंते नावाचा मूळचा दंतवैद्य पुढे आला. त्याने लांडग्याची पिल्लं स्वतः वाढवली, त्यांच्या टोळीत राहिला आणि स्पॅनिश दूरदर्शनवरून घराघरांत लांडगा पोचवला. त्याच्यासारख्यांच्या धडपडीनंतर १९७० च्या शिकार कायद्यात लांडगा आला 'शिकारीचं जनावर' म्हणून. म्हणजे बंदी नव्हे, हंगाम आणि परवाना. शिकारीच्या यादीत नाव लागणं हीच त्याच्यासाठी बढती होती, कारण आधी तो कोणत्याच यादीत नव्हता, फक्त बक्षिसाच्या पावतीवर होता.

हे वाचल्यावर शिकारीच्या खेळात लांडगा घालणं म्हणजे त्याचा अपमान, असं सरसकट म्हणणं मला जमेना. हंगाम पाळून, माग काढून, एका गोळीत काम करणारा शिकारी आणि विषारी मांस फेकणारा माणूस यांत फरक आहेच. आणि गंमत बघा, हा फेलिक्स वारला कुठे? अलास्कात. १४ मार्च १९८०, त्याचा बावन्नावा वाढदिवस. कुत्र्यांच्या गाड्यांची इडिटारॉड शर्यत चित्रित करताना शाक्तूलिकजवळ विमान कोसळलं. तिथून दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर, युकॉन नदी समुद्राला मिळते. माझ्या दोन नकाशांमधलं अंतर या माणसाने असं जोडलंय. त्या रविवारी संध्याकाळी मी युकॉन सुरू केलं आणि नदीच्या कडेने बराच वेळ काही न मारता चालत राहिलो. हेतू असा काही नव्हता.

एक गोष्ट आणखी, ती दोन्ही नकाशांबद्दल आहे पण युकॉनमध्ये जास्त जाणवते. १९३९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने ॲडॉल्फ म्युरी या जीवशास्त्रज्ञाला अलास्कातल्या डेनालीत पाठवलं. लांडगे डोंगरातल्या रानमेंढ्या संपवतायत का, हे बघायला. त्याने वर्षा-दोन वर्षांत मेंढ्यांच्या शेकडो कवट्या गोळा केल्या, शिंगांवरून वयं काढली आणि दाखवलं की लांडग्याच्या तावडीत सापडतात ती बहुतेक म्हातारी, आजारी किंवा अगदी कोवळी. भर वयातलं जनावर सहसा सुटतं. आपण खेळात नेमकं उलटं करतो. पाच-पाच तास फिरून कळपातलं सगळ्यात देखणं, सगळ्यात दणकट जनावर निवडतो, कारण डायमंड, म्हणजे खेळातली सगळ्यात वरची ट्रॉफी, हवा असतो. युकॉनच्या बर्फात दुर्बीण लावून कॅरिबू न्याहाळताना मला हे हमखास आठवतं. टेकाडापलीकडे हेल काढणारा गडी त्याच कळपातला लंगडा शोधत असता, आणि मी मोठ्या शिंगांचा. स्पेनमध्ये आयबेक्स बघताना हाच विचार यायला हवा, पण येत नाही. तिथे डोक्यात मेंढरं असतात.

नैतिकतेचा आव मी आणणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. नेपाळवर बेतलेलं सुंदरपाटण आलं तेव्हा त्यात वाघ आणि हिमबिबट्या होते. वाघावर माझं बोट चाललं नाही, नुसता बघून परत आलो. लांडग्यावर चाललं. आपल्या १९७२ च्या कायद्यात लांडगाही वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. तरी माझ्या बोटाला तो फरक वाटला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर आता घ्यायचं काय? आयबेक्स हवे असतील, डोंगरातली चढउतार आवडत असेल, लांडगा हा वरचा मेवा असेल, तर स्पेन घ्या आणि माझी कुरकुर विसरा. मित्रांबरोबर खेळणार असाल तरी मी स्पेनकडे झुकेन, गप्पा मारत फिरायला तो नकाशा बरा. गावं ओळखीच्या खुणा होतात आणि कोणी हरवत नाही. युकॉन एकट्याने खेळायचं आहे. ते संथ आहे, मोठं आहे, काही वेळा तासभर नुसता वारा ऐकावा लागतो. ज्याला दर दहा मिनिटांनी काहीतरी घडायला हवं, त्याने उगाच माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

पण प्रश्न "लांडगे हवेत" असा असेल, नुसते लांडगे, तर मी युकॉनच सांगेन. तिथला लांडगा त्याच्या जागी आहे. स्पेनचा लांडगा मला जास्त आवडतो, आणि म्हणूनच तो तिथे बघवत नाही. उद्या एखाद्या सुधारणेत क्वात्रो कोलिनासच्या माळावर चाळीस मेंढरं, एक म्हातारा आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेलं कुत्रं आलं, मग त्या मेंढरांना हात लावता येत नसला तरी चालेल, तर मी हा सगळा लेख मागे घ्यायला तयार आहे.

मामेभावाला शेवटी एवढंच पाठवलं: "युकॉन घे. पहिल्या रात्री नदीकाठाला तंबू टाक, हेडफोन लाव आणि बंदूक काढू नकोस. आवाज आला की फोन कर, कितीही वाजले असले तरी." त्याने अंगठा पाठवलाय. अजून घेतलेलं नाही. सेल रविवारपर्यंत आहे.